हुंडी, पेढी आणि विश्वास : दिशांच्या मर्यादेचा एक इतिहास

उपासकदशांग सूत्रात वाणिज्यग्रामच्या आनंद श्रावकाची कथा आली आहे. आनंद हा मोठा गृहपती होता. त्याचे चार कोटी हिरण्य निधानात, चार कोटी वृद्धीसाठी म्हणजे व्याजव्यवहारात आणि चार कोटी घरसंसाराच्या विस्तारात गुंतलेले होते. भगवान महावीरांच्या सान्निध्यात त्याने श्रावकाची व्रते स्वीकारली, तेव्हा आपल्या संपत्तीची गणना करून तिला मर्यादा घातली. त्या गणनेत गाड्यांचाही उल्लेख आहे : पाचशे गाड्या दूरच्या दिशांच्या प्रवासासाठी आणि पाचशे गाड्या जवळच्या वाहतुकीसाठी. याहून अधिक न ठेवण्याचा त्याने नियम केला.

या लहानशा नोंदीत जैन व्यापाराच्या इतिहासाचे बीज आहे. दूरदेशी व्यापार करणे हे श्रावकाला वर्ज्य नव्हते. परंतु तो किती दूर, किती प्रमाणात आणि कोणत्या रीतीने करावा, याचा विचार त्याने आधी करावा अशी अपेक्षा होती. दिग्व्रतात दिशांची मर्यादा ठरवावयाची असते. लोभाने ती मर्यादा वाढविणे याला तत्त्वार्थसूत्रात ‘क्षेत्रवृद्धी’ हा अतिचार म्हटले आहे. देशव्रताच्या अतिचारांत ‘प्रेष्यप्रयोग’ आहे, म्हणजे स्वतः सीमेच्या आत राहून सीमेपलीकडचे काम माणूस पाठवून करून घेणे. सत्याणुव्रताच्या अतिचारांत ‘कूटलेखक्रिया’ म्हणजे खोटे लेख करणे आणि ‘न्यासापहार’ म्हणजे दुसऱ्याची ठेव बळकावणे, हे दोन्ही सांगितले आहेत. हे शब्द वाचले की शास्त्रकारांच्या डोळ्यांसमोर एखादी पेढीच होती की काय, असे वाटावे. कारण दूरवर पाठविलेला गुमास्ता, लिहिलेला कागद आणि विश्वासाने सोपविलेली ठेव या तीन गोष्टींवरच पुढे जैन सराफांच्या पेढ्या भारतभर पसरल्या.

धान्य, कापड किंवा मसाला विकणाऱ्याचा माल डोळ्यांना दिसतो. सराफाचा माल मात्र त्याच्या ज्ञानात असतो. कोणते नाणे किती कसाचे, कोणत्या गावच्या कोणत्या आसामीची पत किती, आज आग्र्याला पैशाची ओढ आहे की सुरतेला, हे त्याला ठाऊक असते, आणि त्या ज्ञानाचाच मोबदला त्याला हुंडणावळ, बट्टा आणि व्याज या रूपाने मिळतो. असे ज्ञान आपल्या गावापुरते असणे सोपे आहे. ते परमुलखात कसे न्यावे आणि तेथे कसे टिकवावे, हा प्रश्न कठीण आहे. या प्रश्नाला आपल्या पूर्वजांनी दिलेली उत्तरे, त्यांचे यश आणि त्यांची ठेच, या दोहोंचा विचार येथे करावयाचा आहे.

घडविलेली माणसे

सतराव्या शतकातील जैन व्यापाऱ्याच्या घरात मुलांचे शिक्षण कसे होई, याची उत्तम माहिती बनारसीदासांच्या ‘अर्धकथानक’ या आत्मचरित्रातून मिळते. १५८६ मध्ये जौनपूर येथे जन्मलेल्या या श्रीमाळ जैन कवीने १६४१ मध्ये आपल्या आयुष्याची पंचावन्न वर्षे प्रांजळपणे लिहून ठेवली. अक्षरओळख, हिशेब, सोन्या-रुप्याची पारख आणि खाते लिहिणे हे शिक्षण कोवळ्या वयातच सुरू होई. पुढे तरुण मुलाला थोडा माल देऊन परगावी पाठवीत. बनारसीदास स्वतः आग्र्याला माल घेऊन गेले आणि पहिल्या खेपेस पुरते तोट्यात आले, हे त्यांनी लपविलेले नाही. त्या तोट्याकडेही शिक्षणाचा भाग म्हणूनच पाहिले पाहिजे.

पेढीचे ज्ञान ग्रंथांत नव्हते. ते बैठकीवर बसून, वडीलधाऱ्यांच्या नजरेखाली, रोजकीर्द आणि खतावणी लिहिता लिहिता हाती येई. राजस्थानातील व्यापारी मुडिया लिपीत लिहीत. तीत स्वरचिन्हे बहुधा गाळली जात, त्यामुळे लिहिणे झरझर होई आणि परक्याला वाचणे अवघड जाई. ‘काकाजी अजमेर गये’ हे पत्र घरच्यांनी ‘काकाजी आज मर गये’ असे वाचले आणि घरात रडारड सुरू झाली, हा विनोद मारवाडी घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो. विनोदातील मर्म असे की, कागदावरचे अक्षर पुरेसे नसते. ते कोणी, कोणत्या संदर्भात लिहिले हे जाणणारा माणूस दुसऱ्या टोकाला बसलेला असावा लागतो. म्हणून नव्या गावी शाखा काढताना आधी माणूस पाठवीत आणि मागून भांडवल जाई. तो माणूस मुलगा, पुतण्या, जावई किंवा अनेक वर्षे पारखलेला मुनीम असे.

कागदाची शक्ती

माणसाच्या जोडीला दुसरे साधन होते हुंडीचे. हुंडी म्हणजे एका गावच्या पेढीने दुसऱ्या गावच्या पेढीला अमुक रक्कम देण्याविषयी लिहिलेली चिठ्ठी. पाहताक्षणी पैसे द्यावयाचे ती दर्शनी हुंडी. ठराविक दिवसांनी द्यावयाचे ती मुदती. प्रतिष्ठित शाहालाच पैसे मिळावेत अशी शाहजोग हुंडी असे; तिचा लाभ असा की ती चोराच्या हाती पडली तरी त्याला बाजारात पैसे कोणी देत नसे. मूळ हुंडी गहाळ झाली तर ‘पेठ’ लिहून देत, पेठही हरवली तर ‘परपेठ’. पैसे दिल्यावर रद्द झालेल्या हुंडीला ‘खोका’ म्हणत. रकमेत खाडाखोड होऊ नये म्हणून ती नाना प्रकारे लिहीत : रुपये एक हजार, त्याचे निमे पाचशे, त्याची दुप्पट. कूटलेखाला वाव राहू नये यासाठी एवढी दक्षता होती.

हुंडीमुळे पेढीचा व्यवहार गाड्या आणि पहारेकरी यांच्या पलीकडे गेला. आग्र्याच्या व्यापाऱ्याला बंगालचे रेशीम घ्यावयाचे असेल, तर त्याने आग्र्यात पैसे भरावेत आणि बंगालमध्ये ते उचलावेत. बंगालचा पैसा उत्तरेस पाठवावयाचा असेल, तर त्याच पेढीने उलटी हुंडी लिहावी. दोन्ही बाजूंच्या हुंड्या परस्परांत वळत्या होत आणि प्रत्यक्ष चांदी फार थोडी हलवावी लागे. परंतु ही सोय तेव्हाच शक्य होती, जेव्हा दोन्ही टोकांना एकाच विश्वासाची माणसे बसलेली असत. पेढी जितक्या अधिक गावी, तितकी प्रत्येक गावच्या हुंडीची किंमत अधिक, असा हा व्यवहार होता. म्हणून सराफी पेढीच्या स्वभावातच विस्तार होता.

नागौर ते महिमापूर

या विस्ताराचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे जगतशेठांचे घराणे. मारवाडातील नागौर येथील ओसवाल जैन हिरानंद साहू हे १६५२ मध्ये पाटण्याला गेले. पाटणा त्या काळी सोऱ्याच्या व्यापारासाठी प्रसिद्ध होते आणि युरोपीय कंपन्यांची तेथे ये-जा होती. हिरानंदांनी तेथे व्यापार आणि सावकारी यांत जम बसविला. त्यांच्या मुलांनी पुढे निरनिराळ्या ठिकाणी पेढ्या मांडल्या. त्यांपैकी माणिकचंद हे बंगालच्या सुभ्याची राजधानी असलेल्या ढाक्याला गेले.

ढाक्यात बंगालचा दिवाण मुर्शिद कुलीखान याच्याशी माणिकचंदांचा संबंध आला. सुभेदाराशी न पटल्यामुळे दिवाणाने अठराव्या शतकाच्या आरंभी आपली कचेरी ढाक्याहून मखसूदाबादेस हलविली. हेच गाव पुढे मुर्शिदाबाद झाले. माणिकचंदही त्याच्यामागे गेले आणि भागीरथीच्या काठी महिमापूर येथे त्यांनी आपली कोठी बांधली. ज्ञानावर चालणाऱ्या व्यवसायाचा हा एक नियमच म्हणावा लागेल : गिऱ्हाईक जेथे जाते तेथे पेढी जाते. कारण त्या गिऱ्हाइकाच्या गरजा, त्याच्या वसुलीचे हंगाम, त्याचे शत्रू आणि मित्र यांची माहिती हेच तिचे भांडवल असते आणि गाव बदलल्याने ते कमी होत नाही.

१७१४ मध्ये माणिकचंद निवर्तले. त्यांचे पुतणे व दत्तक पुत्र फतेहचंद यांच्या कारकिर्दीत पेढी कळसाला पोचली. बंगालचा सुमारे एक कोटी रुपयांचा वार्षिक वसूल दिल्लीला पाठविण्याचे काम त्यांच्या हुंड्यांनी होऊ लागले. टाकसाळीवर त्यांचा ताबा होता. त्या काळी चालू वर्षाच्या शिक्क्याचा रुपया पूर्ण किमतीचा समजला जाई. जुन्या वर्षांचा रुपया ‘सनवात’ ठरून त्यावर बट्टा लागे. मद्रासकडील अर्काट रुपया, डच आणि इंग्रज यांनी आणलेली चांदी, जुनी-नवी नाणी या सर्वांचे परस्पर मूल्य रोजच्या रोज ठरविणे हे अत्यंत कौशल्याचे काम होते आणि ते महिमापूरच्या कोठीत होई. इंग्रजांनी १७१७ मध्ये बादशहा फर्रुखसियरकडून सवलतींचे फर्मान मिळविले होते. तरीही मुर्शिदाबादेत नाणी पाडण्याची मोकळीक त्यांना मिळू शकली नाही. त्यांना आपली चांदी याच सराफांना विकावी लागे. १७२३ च्या सुमारास बादशहा मुहम्मदशहाने फतेहचंदांना ‘जगतशेठ’ हा किताब दिला. नागौरच्या वाळवंटातून निघालेल्या एका घराण्याला दोन पिढ्यांनंतर हा मान मिळाला.

१७४२ : पेढी लुटली, पत राहिली

या इतिहासात मराठ्यांचाही एक प्रसंग आहे. नागपूरकर रघुजी भोसल्यांचे कारभारी भास्करराम कोल्हटकर १७४२ मध्ये बंगालवर चालून गेले. नवाब अलिवर्दीखान राजधानीपासून दूर असताना मीर हबीब मराठी घोडदळ घेऊन मुर्शिदाबादेवर धावून गेला. महिमापूरची कोठी लुटली गेली. या लुटीचा आकडा इतिहासग्रंथांत दोन कोटी रुपये असा दिला जातो. बंगालमध्ये ‘बर्गी’ या नावाने या स्वाऱ्यांची आठवण अंगाईगीतांतून राहिली आहे. तेथील रयतेने फार सोसले, हेही महाराष्ट्रातील वाचकाने विसरू नये.

परंतु या प्रसंगातील खरे आश्चर्य लुटीनंतरचे आहे. ‘सियार-उल-मुताखेरीन’ या ग्रंथाचा कर्ता गुलाम हुसेनखान सांगतो की, एवढ्या हानीनंतरही या घराण्याने पूर्वीप्रमाणेच सरकारला एकेका वेळी कोटी कोटी रुपयांच्या दर्शनी हुंड्या देणे चालू ठेवले. तळघरातील रुपये गेले. पण पाटणा, ढाका, दिल्ली येथे जगतशेठांची अक्षरे पाहून पैसे मोजणारे हात तसेच राहिले. पेढीचे खरे धन कोठारात नसून लोकांच्या मनात असते, याचा याहून मोठा पुरावा सापडणे कठीण आहे. लुटारूला चांदी नेता येते. विश्वास उचलून नेता येत नाही.

१७५७ आणि नंतर : सिंहासनाची सावली

मग असे हे घराणे पुढे वीस-तीस वर्षांत का खचले? उत्तर त्याच्या यशातच दडलेले आहे. पेढीची दिशा जसजशी मोठी झाली, तसतसा तिचा आधार एकाच ठिकाणी येऊन ठेपला. वसूल नवाबाचा, टाकसाळ नवाबाची, हुकूम नवाबाचा. १७४० मध्ये सर्फराजखानाला दूर करून अलिवर्दीखान गादीवर आला, त्या उलथापालथीत फतेहचंदांचा हात होता. सराफ हिशेब करता करता राज्यकर्ते निवडू लागला.

फतेहचंद १७४४ मध्ये गेले. त्यांचे नातू महताबराय हे जगतशेठ झाले आणि दुसरे नातू स्वरूपचंद यांना महाराज हा किताब मिळाला. अलिवर्दीनंतर आलेल्या सिराजउद्दौल्याने महताबरायांचा दरबारात अपमान केल्याचे वृत्तांत सांगतात. पुढे मीर जाफर आणि इंग्रज यांच्याबरोबर झालेल्या कटात हे बंधू सामील झाले आणि २३ जून १७५७ रोजी पलाशीची लढाई झाली. जैन समाजाने या घटनेकडे डोळेझाक करणे योग्य नाही. घराण्याचे धैर्य आणि दानशूरता सांगताना हा भागही सांगितला पाहिजे. अपमान आणि भय ही कारणे खरी असतील. पण ज्या पेढीचे काम सर्वांच्या पैशाची राखण करणे हे होते, तिने एका पक्षाला राज्य मिळवून देण्याचा सौदा केला, हेही तितकेच खरे आहे.

त्याचे फळ लवकरच मिळाले. इंग्रजांना कलकत्त्यात टाकसाळ मिळाली आणि मुर्शिदाबादच्या टाकसाळीचे महत्त्व ओसरू लागले. १७६३ मध्ये नवाब मीर कासीम आणि कंपनी यांच्यात युद्ध पेटले, तेव्हा मीर कासीमच्या हुकमाने दोन्ही बंधू मारले गेले. १७६५ मध्ये बंगालची दिवाणी कंपनीकडे गेली आणि १७७२ मध्ये वॉरन हेस्टिंग्जने खजिना मुर्शिदाबादहून कलकत्त्यास हलविला. माणिकचंद एकदा दिवाणामागे ढाका सोडून गेले होते. या वेळी खजिन्यामागे जाण्यास वाव नव्हता, कारण नव्या धन्याला जुन्या सराफाची गरज उरली नव्हती. एकोणिसाव्या शतकात या घराण्याचे वंशज कंपनी सरकारच्या निवृत्तिवेतनावर अवलंबून राहिले. महिमापूरच्या जुन्या कोठीचा मोठा भाग भागीरथीने गिळला. मराठ्यांच्या लुटीने जे झाले नाही, ते एकाच गिऱ्हाइकावरच्या अवलंबनाने झाले.

अहमदाबादचा धडा

याच्या उलट उदाहरण अहमदाबादचे आहे. तेथील ओसवाल जवाहिरे व सराफ शांतिदास झवेरी यांचाही मोगल दरबाराशी निकटचा संबंध होता. १६५८ मध्ये शहाजादा मुरादबक्षाने त्यांच्या घराण्याकडून साडेपाच लाख रुपये घेतले होते. राजसत्तेची उष्णता आणि धग दोन्ही या घराण्याने अनुभवली. पण त्याची मुळे शहरातील महाजनांत होती.

१७२५ मध्ये गुजरातच्या सुभेदारीच्या भांडणात मराठ्यांच्या फौजा अहमदाबादेला भिडल्या आणि शहर लुटले जाण्याची वेळ आली. तेव्हा शांतिदासांचे नातू नगरशेठ खुशालचंद यांनी पदरचे द्रव्य देऊन शहर वाचविले. शहरातील हिंदू, जैन आणि मुसलमान व्यापाऱ्यांनी कृतज्ञतेने ठरविले की, बाजारात छाप होणाऱ्या मालावर शेकडा चार आणे नगरशेठांच्या घराण्याला पिढ्यान्‌पिढ्या द्यावेत. येथे शेठजींचा आधार बादशहाचा किताब नव्हता. ज्यांच्यासाठी त्यांनी द्रव्य वेचले, तेच लोक त्यांचे जामीन झाले होते. मोगल गेले, मराठे गेले, इंग्रज आले आणि गेले. ते घराणे टिकले. विसाव्या शतकातील थोर उद्योगपती कस्तुरभाई लालभाई हे याच शांतिदासांच्या वंशातील होत.

सुप्याचा बाजार

महाराष्ट्रातील जैन बांधवांना मात्र तिसरे उदाहरण अधिक जवळचे आहे. मारवाड आणि गुजरातेतून दख्खनमध्ये आलेल्या व्यापारी कुटुंबांनी, ज्यांत जैनही होते आणि माहेश्वरी आदी अन्य ज्ञातीही होत्या, एकोणिसाव्या शतकात पुणे, अहमदनगर, सोलापूर या भागांतील खेड्यापाड्यांत दुकाने थाटली. लोटा आणि वही घेऊन आलेला तरुण आधी एखाद्या नातेवाइकाच्या दुकानी राबत असे आणि मग पुढच्या गावी आपली पेढी मांडत असे. रीत तीच होती : आधी माणूस, मग कागद, मग नाव.

पण हुंडीचा कागद आणि कर्जरोख्याचा कागद यांत एक फरक होता. हुंडी लिहिणारा आणि वाचणारा दोघेही जाणते असत. कर्जरोखा लिहिणारा जाणता होता; त्यावर नांगराची निशाणी करणाऱ्या कुणब्याला मात्र त्यातील अक्षर वाचता येत नव्हते. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापसाला चढा भाव आला आणि कर्जे सढळ हाताने दिली गेली. १८६५ नंतर भाव कोसळला, त्यातच सरकारने शेतसारा वाढविला आणि दिवाणी न्यायालयांचे हुकूमनामे जमिनीपर्यंत पोचले. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील भीमथडी तालुक्यातील सुपे येथे, बाजाराच्या दिवशी, लोकांनी सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला. पुढे हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. जमावाचा रोख मुख्यतः माणसांच्या जिवावर नव्हता. तो रोखे आणि वह्या यांवर होता. कागद हाती आला की त्याची होळी होई.

या घटनेची चौकशी करण्यास सरकारने आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांच्या साहाय्यासाठी कायदा झाला. त्यान्वये न्यायालयाला रोख्यामागील मूळ हिशेब तपासता येऊ लागला आणि शेतकऱ्याचे रोखे सरकारी नोंदणी अधिकाऱ्यासमोर लिहिले जावेत अशी व्यवस्था झाली. सर्वच सावकार लबाड होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. दुष्काळात रयतेला धान्य आणि बी-बियाणे देणारेही तेच होते. शिवाय सारावाढ आणि बाजारभाव यांवर त्यांचा ताबा नव्हता. तरीही प्रश्न उरतोच. महिमापूरची कोठी लुटली गेली तेव्हा तिच्या कागदाला कोणी हात लावला नाही, कारण तो कागद सर्वांच्या उपयोगाचा होता. सुप्यात रुपयांपेक्षा कागदावर राग निघाला, कारण तो कागद एकाच बाजूला कळत होता. ज्ञान जोवर सेवा करते तोवर ते पत निर्माण करते. समोरच्याच्या अज्ञानावर ते पोसले जाऊ लागले, की तेच ज्ञान पत जाळते. ‘कूटलेख’ म्हणजे केवळ खोटी सही नव्हे. समोरच्याला न कळेल असा लेख करून त्याला बांधून घेणे हेही त्या अतिचाराच्या जवळ जाते.

पेढीचे नवे रूप

या अनुभवातून समाज शिकला. विसाव्या शतकाच्या तोंडावर जैन समाजाने आपले द्रव्य ज्ञान वाटण्याकडे वळविले. १८९९ मध्ये दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना झाली. शेठ माणिकचंद हिराचंद झवेरी यांनी ठिकठिकाणी जैन बोर्डिंगे उभारण्यास साहाय्य केले. आचार्य विजयवल्लभसूरीजींच्या प्रेरणेने १९१५ मध्ये मुंबईत महावीर जैन विद्यालय सुरू झाले. खेड्यातील दुकानदाराचा मुलगा बोर्डिंगात राहून शिकला आणि वकील, डॉक्टर, अभियंता, हिशेबतपासनीस झाला. आजोबा आपल्या अक्षरावर हुंडी लिहीत. नातू आपल्या सहीने दूरच्या कंपनीचा ताळेबंद प्रमाणित करतो. व्यवसायाचे रूप पालटले, पण विकावयाची वस्तू तीच राहिली : जाणते मन आणि त्यावर ठेवलेला लोकांचा भरवसा. आज ही सही नगर जिल्ह्यातून निघून मुंबई, दुबई किंवा न्यूयॉर्कपर्यंत पोचते, तेव्हा तिच्यामागे नागौरच्या आणि जौनपूरच्या बैठकीवर घडलेली शिस्त उभी असते.

पेढी हा शब्द धर्मक्षेत्रातही रुजला, हे विशेष. शत्रुंजयासारख्या महातीर्थांचा कारभार पाहणाऱ्या संस्थेचे नाव शेठ आनंदजी कल्याणजी पेढी असे आहे. आनंदजी आणि कल्याणजी या नावांची कोणी व्यक्ती त्यामागे नाही. आनंद आणि कल्याण हेच जणू तिचे भागीदार आहेत. १८८० मध्ये तिची रीतसर घटना तयार झाली आणि पुढे कस्तुरभाई लालभाईंनी सुमारे अर्धशतक तिचा कारभार वाहिला. संघाची ठेव, तिची रोजकीर्द, तिचा ताळेबंद आणि मालक कोणीच नाही, ही पेढीची सर्वांत शुद्ध अवस्था होय. न्यासापहाराचा दोष न लागता दुसऱ्याची ठेव पिढ्यान्‌पिढ्या सांभाळावयाची, हे सराफाचे जुने शील येथे धर्मकार्यात परिणत झाले.

सुवर्णमहोत्सव साजरा करणाऱ्या प्रत्येक ट्रस्टच्या कपाटातही अशाच पन्नास वर्षांच्या वह्या असतात. त्यांत कोणाचे एक्कावन्न रुपये, कोणाचे एक लाख, कोणाचे नाव न देता टाकलेले गुप्तदान नोंदलेले असते. दाते पुढे गाव सोडून परदेशीही जातात आणि तेथून निधी पाठवितात. तो निधी कोठे खर्च झाला हे पाहण्यास ते येऊ शकत नाहीत. तेही एक प्रकारे दर्शनी हुंडीच लिहीत असतात, आणि ती पटविण्याची जबाबदारी विश्वस्तांवर असते. जगतशेठांनी कोट्यवधींच्या हुंड्या पटविल्या, तरी आधार एका सिंहासनावर ठेवल्याने ते ढासळले. सुप्याच्या दुकानदारांनी कागद जपले, तरी समोरच्याला ते न समजल्याने जाळले गेले. खुशालचंदांनी पदरचे दिले आणि शहर त्यांचे जामीन झाले. आनंद श्रावकाने दूरच्या दिशांसाठी पाचशे गाड्या ठेवल्या, पण त्यांची संख्या आधी सर्वांसमोर उच्चारली. हिशेब उघडा ठेवणे आणि मर्यादा आधी सांगणे, एवढे जपले तर पेढी कितीही दूर गेली तरी तिचा पाया गावातच राहतो.